भादरलेल्या टॅन्सीची खाज

२८ नोव्हेंबर

टॅन्सी भादरली एकदाची! नाकातोंडात, बाहीत, चहाच्या कपातसुद्धा घोडीचे केस. मी नुसती दोर धरून उभी. यंत्र मिसेस लॉलरच्या हातात. सत्तरी कधीच उलटलीय, पण हात काय हात! खोगिराखाली केस राखले, पायांवर राखले, बाकी सगळं साफ. शेपटीच्या मुळाशी तिचा तो त्रिकोण. तो बघून सगळा गॉलवे जिल्हा सांगतो, घोडी कुणी भादरली ते.

'आधी खडूने रेघ नाही मारायची?' मी विचारलं.

'डोळे लबाड असतात. हाताने बघ!'

डावा तळवा पुढे चाचपत जातो, मागून यंत्र. एक रेघ वाकडी नाही. मग गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने सगळं अंग पुसलं, वर धुतलेली सुती चादर, त्यावर जाडजूड झूल. वेळ कसा गेला कळलंच नाही. या बाईकडे नुसतं बघत राहावं!

राहायला माळ्यावरची खोली आणि बदल्यात तबेल्याचं काम — इथे मिसेस लॉलरकडे आले तेव्हा सगळे म्हणाले होते, 'ब्रोना, पंधरा दिवसांत पळून येशील.' म्हणा!

१ डिसेंबर

टॅन्सी दाराच्या खांबाला अंग घासतेय. खांब हलायला लागला.

३ डिसेंबर

खांदे, छाती, पाठ — घासून घासून लाल. खरारा करायला गेले तर दात दाखवले. बाईसाहेबांना माझा ब्रश चालत नाही! मिसेस लॉलरने मात्र गवताचा बोळा वळला, पाठीवर हलकेच फिरवला. घोडीने मान खाली घातली, ओठ लोंबवला. दोघी तशाच किती वेळ उभ्या होत्या.

'पोट बिघडलं असेल,' मिसेस लॉलर म्हणाली. ओट्स बंद, जवसाची पेज सुरू. चादर मात्र स्वतःच धुते, मला हात लावू देत नाही. 'भादरलेलं कातडं म्हणजे तान्ह्या बाळाचं कातडं. रोज स्वच्छ चादर हवी!'

५ डिसेंबर

शुक्रवार. मॅलकी आठवड्याचं सामान घेऊन आला. हा तिचा भाचा. आठवड्याची खरेदी त्याची, फळीवर लावतो तोच. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, काठी टेकत आला, तरी मला एक पिशवी उचलू दिली नाही.

नेमकं तेव्हाच मी टॅन्सीवर खोगीर चढवत होते. पट्टा आवळला तशी किंचाळली आणि मागचे दोन्ही पाय झाडले! मॅलकी पांढरा पडला.

'आत्या, या घोडीवर बसून तू स्टीफनच्या दिवशी भिंती ओलांडणार?'

'भिंती घोडी ओलांडणार. मी नुसती बसणार.'

'थट्टा नको. नाताळपर्यंत ही शांत झाली नाही, तर व्यापाऱ्याला देऊन टाकीन. जमीन माझी आहे, तबेलाही माझा आहे.'

बोलला! नाताळाच्या दुसऱ्या दिवशीची ही स्टीफनची घोडदौड या बाईने लग्नाआधीपासून कधी चुकवली नाही, आणि हा असं बोलला! मला वाटलं, आता मिसेस लॉलर त्याला फाडून खाणार. तिने नुसता टॅन्सीचा पट्टा सैल केला.

तो गेल्यावर म्हणाली, 'टॅन्सी गेली की मी खुर्चीत. मांडीवर शाल. मग पुरायचं तेवढं राहिलं, पोरी.' आणि लगेच, 'गेल्या वर्षी सबंध दौडीत माझ्या पुढे राहून शीळ घालत होता मेला. तोच एक सूर! कान किटले माझे.'

मला रडू आलं. मॅलकीचा राग आला. अजून आहे.

९ डिसेंबर

जनावरांचा डॉक्टर येऊन गेला. उवा नाहीत, किडे नाहीत, बुरशी नाही. 'कशाची तरी खाज आहे,' म्हणाला. वा! हे तर टॅन्सीसुद्धा सांगत होती.

१२ डिसेंबर

मॅलकी. बघितलं, मान हलवली, गेला.

मिसेस लॉलर थंड चहाने घोडीचे खांदे पुसत होती. थकलेली दिसली. जेवताना हॅम तसंच ठेवलं. 'शोकवार्ता वाच बघू, चष्मा वर राहिला.' मी पेपरातल्या सगळ्या वाचल्या. ओळखीचं कुणी नव्हतं तेव्हा तिला जरा बरं वाटलं.

१४ डिसेंबर

बादली दोन हात सरकवली म्हणून केवढी बोलणी खाल्ली! 'माझी वस्तू माझ्या जागेवर! तबेला आहे की जत्रा?' पाय अडखळला होता तिचा. घोडीच्या काळजीने वैतागलीय, दुसरं काय.

१७ डिसेंबर

नीट लिहिते.

सकाळी गारा. मी दोरीवरून टॅन्सीची चादर ओढली आणि अंगणातून पळताना स्वतःच्याच डोक्यामानेभोवती गुंडाळली. तबेल्यात पोचले तर मान चुरचुरायला लागली. थोड्या वेळाने नुसती आग! आरशात बघितलं — टॅन्सीसारखीच लाल.

चादर! रोज धुतलेली, रोज स्वच्छ!

धावत धुण्याच्या खोलीत गेले. मिसेस लॉलर तिथेच होती. 'कशाने धुता ही चादर?'

'कशाने म्हणजे? निळ्या डब्यातली साबणाची पूड. चाळीस वर्षं तीच.' आणि न बघता फळीवर हात टाकून डबा काढला, माझ्यापुढे धरला.

डबा हिरवा. चांगला गवतासारखा हिरवा! ग्रीसचे डाग काढायची जहाल पूड.

मी डब्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती, पण माझ्या जरा बाजूला.

बादली. चष्मा. हाताने बघ!

'कोणता रंग आहे गं?' तिने हळूच विचारलं.

'हिरवा.'

तिने डबा खाली ठेवला. मग म्हणाली, 'कडेकडेचं अजून दिसतं. मधलं गेलं, दोन हिवाळ्यांपूर्वी.' म्हणजे ती रेघ! तो त्रिकोण! सगळं तिने नुसत्या तळव्याने केलं होतं. मी दोर धरून शेजारी उभी, दोन धडधाकट डोळ्यांची, आणि मला पत्ता नाही!

'मॅलकीला सांगणार?'

'काय सांगायचं? पूड चुकली, एवढंच.'

तिने माझा गाल चाचपला. हात ओला होता.

१८ डिसेंबर

चादर जाळली. माझ्या पलंगावरची जुनी चादर मऊ होती, ती टॅन्सीला. साध्या पाण्याने अंग पुसलं.

२१ डिसेंबर

आज खांब शांत!! खरारा करू दिला. मध्येच माझ्या खिशातलं गाजर चोरलं. गुणाची गं माझी!

२३ डिसेंबर

मॅलकी खास बघायला आला. पट्टा आवळला, टॅन्सी जांभई देऊन मोकळी.

'काय होतं मग?' त्याने विचारलं.

मिसेस लॉलरने तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, 'माझी चूक. चादर मी धुतली. भलत्याच पुडीत.'

'शिकलेली आहेस ना? डबा वाचता येत नाही?'

अस्सा राग आला! पण जीभ आवरली. मिसेस लॉलर टॅन्सीच्या आयाळीत तोंड खुपसून उभी होती. 'ठीक आहे,' मॅलकी म्हणाला. 'जा दौडीला.' आणि जाता जाता माझ्याकडे वळून, 'तू आत्याच्या पुढे राहा.'

२६ डिसेंबर

अंग ठेचल्यासारखं झालंय, चिखल कानात गेलाय, आणि मी आज जगातली सगळ्यात सुखी बाई आहे.

मी शेजाऱ्यांच्या थोराड घोड्यावर पुढे, ती मागे. 'मिसेस लॉलर, डावीकडे भिंत! खाली वाका, फांदी! पाणी आलं!' सबंध रस्ता ओरडत होते. लोक हसले. हसू देत! मोठी भिंत मी ओलांडली. मागे वळून बघितलं — टॅन्सीचे कान टवकारलेले, म्हातारी ताठ, लगाम सैल सोडलेला. सगळं घोडीवर सोपवून अशी अलगद वर आली की मी ओरडायचंच विसरले. एवढा विश्वास मी जन्मात कुणावर टाकलेला नाही.

उतरल्यावर म्हणाली, 'किती बडबडतेस गं! कान किटले माझे.'

२७ डिसेंबर

आवाज पार बसलाय. मॅलकी सामान घेऊन आला. फळीवर निळा डबा ठेवला, मूठ बाहेर, आत्याच्या हाताला लागेल असा फिरवला. 'गेल्या महिन्यात दुकानात निळा नव्हता,' तो हळूच म्हणाला, 'हिरवा आणला आणि आत्याला सांगायचं विसरलो. तू खोटं बरं बोलतेस.' काठी टेकत तो दाराशी गेला. 'आणि एवढं ओरडायची गरज नसते. नुसती शीळ घातली तरी तिला पुरतं. तिला सांगू नकोस काही.'