घाटावर दिलेला शब्द

अण्णा, कर्ज फिटलं. शुक्रवारी बँकेतून बाकी काही नसल्याचा कागद मिळाला. तो पर्समध्ये घालून मी परभणीहून घरी पालमला जाणाऱ्या बसमध्ये बसले आणि वाटभर एकच विचार डोक्यात होता, की हे आधी तुम्हाला सांगायला पाहिजे होतं. कर्जावर पहिली सही माझी होती, पण खरी सही तुमची. कर्ज घेताना बँकेतल्या साहेबानं पगाराची स्लिप मागितली तेव्हा तुम्ही म्हणालात, "साहेब, मी लग्नातला आचारी. माझी स्लिप लोकायच्या पोटात हाय." साहेब हसला आणि त्यानं कागद पुढे सरकवला. तुम्ही खिशातला पेन काढून, एकेक अक्षर कोरल्यासारखी सही केलीत. हाताला डालड्याचा वास येत होता. मला तेव्हा लाज वाटली होती, हेही आता सांगून टाकते.

सरकारी कॉलेजची जागा थोडक्यात हुकली, म्हणून पुण्याचं खासगी कॉलेज, वसतिगृह, फी. आहारशास्त्र. हा शब्द तुमच्या जिभेवर नीट बसला नाही कधी, पण मांडवामांडवात तुम्ही तो वाटत फिरलात. कढईत झारा फिरवता फिरवता पाहुण्यांना सांगायचात, "मी लोकायला खा म्हणतो, आन माझी पोरगी नका खाऊ म्हणायला शिकायलीय. घरातल्या घरात दोन्हीकडून कमाई!" सगळे हसायचे. तुम्हाला खरंच वाटत होतं की कमाई होईल. मलाही वाटत होतं. जे आजारी पडायला खातात, ते बरं व्हायलाही खातीलच, मग त्यांना सांगणारं माणूस उपाशी कसं राहील? असा आपला साधा हिशोब.

हिशोब चुकला, अण्णा. घेतले साडेतीन लाख आणि भरले पाचाच्या वर. परभणीतल्या दवाखान्यात मला सुरुवातीला आठ हजार मिळायचे आणि त्यातले साडेपाच हप्त्याला जायचे. उरलेल्यात खोलीभाडं बसायचं नाही, तर तुम्ही लग्नाच्या सुपारीतून भर घालायचात आणि आईला सांगायचात की तेल महाग झालंय. मी पेशंटला समजावून सांगते की भात किती, भाकरी किती, फळ कधी. तो मान डोलावतो, खाली काउंटरवर जातो आणि बिलातलं माझं नाव बघून परत वर येतो. "मॅडम, काय खायचं ते सांगायचे दोनशे? ते तर आमची म्हातारी फुकट सांगायलीय. कापा तेवढे." काउंटरवरचा पोरगा कापतो. माणसं सलाइनला पैसे देतात, सुईला देतात, शब्दाला देत नाहीत. मग मालकांनी पावडरचे डबे आणून ठेवले. डबा विकला की मला त्यात वाटा. तो डबा मात्र लोक न कुरकुरता घेतात, कारण तो हातात धरता येतो. गेल्या काही वर्षांतले माझे हप्ते त्या डब्यांनी भरले. ज्या पावडरीची निम्म्या पेशंटना गरज नाही हे मला चार वर्षं शिकवलं, तीच विकून मी ते शिकल्याचं कर्ज फेडलं. यावर हसावं की काय करावं, तुम्हीच सांगितलं असतंत.

तुमची शुगर माझ्याच अभ्यासाच्या शेवटच्या वर्षात निघाली. घरात आयता पेशंट! सुट्टीत आले की मी तुमच्या मागे मागे मांडवात. जिलबीचा घाणा निघाला की पहिली जिलबी तुम्ही भट्टीतल्या अग्नीला टाकायचात आणि दुसरी स्वतःच्या तोंडात. मी ओरडायचे, "अण्णा, साखर!" तुम्ही तोंड पुसत म्हणायचात, "आग्नीला होत न्हाई, मग मला कशी होईल माय? आमी दोघं एकाच धंद्यातले." पण एका लग्नात भट्टीतला निखारा पायावर पडला आणि तुम्हाला कळलंच नाही, इतका पाय बधिर झालेला. भाऊ शेजारी कणीक तिंबत होता, त्याला वास आला तेव्हा त्यानं पाहिलं. जखम भरलीच नाही. नांदेडला आधी बोटं गेली, मग पाय. शेवटच्या आठवड्यात तुम्ही माझा हात धरून म्हणता, "एक तुकडा जिलबी दे की माय. एकच." मी म्हणते, "बरे व्हा, मग देईन." तुम्ही तोंड भिंतीकडे फिरवता. मी चुकले असं आजही म्हणणार नाही. शिकलेच होते तसं. पण ते फिरवलेलं तोंड जेवताना समोर येतं.

दहाव्याला आपण सगळे गंगाखेडच्या घाटावर होतो. पिंड ठेवला, पत्रावळीवर पुरी, भाजी, भात, बाजूला चहाचा कप आणि तुमची तंबाखूची पुडी. कुणीतरी म्हणालं गोड काही ठेवा, तर आई कडाडली, "साखरेनंच नेलं त्यायला. गोडाचा कण ठेवायचा न्हाई." कावळे लिंबावर बसलेले. एकही खाली येईना. काका म्हणाले पोराचं लग्न थाटात करू. नाही. भाऊ म्हणाला तुमच्या कढया मोडीत घालणार नाही, धंदा चालवीन. नाही. ऊन चढत चाललं, गुरुजी घड्याळ बघायला लागले. मग आईनं मला ढोसलं. "तुझ्या शिक्षणातच जीव अडकलाय त्यायचा. बोल काहीतरी." मी पुढे झाले, पत्रावळीशी वाकून नमस्कार केला, मागे येऊन हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "अण्णा, तुमच्या सहीचं कर्ज मी फेडीन. आणि ज्यासाठी सही केलीत ते काम कधी सोडणार नाही." कावळा आला. आई हमसून रडली आणि सगळा घाट सुटकेनं हलला.

तेव्हापासून मी त्या शब्दाला बांधलेली आहे. आता पगार चौदा हजार आहे. केस पिकायला लागले. भावाचं मात्र बरं चाललंय, तुमच्याच कढयांवर. शुक्रवारी रात्री जेवताना तो म्हणाला, "अक्का, तिथं कामून मरायलीस? इकडं ये. ऑर्डरी घे, माल बघ, हिशोब धर. दवाखान्याच्या दुप्पट देतो, आन भांडायला भाऊ फुकट." मला इतकं हलकं वाटलं की हातातला घास तसाच राहिला. हो म्हणणारच होते. तेवढ्यात आई भाकरी थापता थापता, मागे न बघता म्हणाली, "घाटावर बोललीया ती."

"आई, कर्ज फिटलं की."

"कर्ज फिटलं. शब्द कुठं फिटला? निम्म्या शब्दाला आलता का कावळा?"

भावालाही ते पटतं. त्यानं स्वतःचा शब्द पाळलाय ना. आई आता थकली आहे, तिला नीट दिसत नाही, पण त्या दिवसाबद्दल बोलताना अजून तिचा चेहरा उजळतो. शेजारणींना सांगते, की पोरीनं शिक्षणाचं नाव काढलं आन माणूस मोकळा झाला.

अण्णा, हे पत्र कुठे टाकणार मी. म्हणून एवढं लिहिते. त्या सकाळी गंगाखेडच्या बसस्टँडवर, आई गुरुजींसाठी फुलं घेत होती तेव्हा, मी हॉटेलातून एक जिलबी कागदात बांधून घेतली होती. नमस्काराला वाकले तेव्हा ती तुमच्या पुरीखाली सरकवली. शब्द दिला तेव्हा माझी बोटं पाकानं चिकट होती. कावळ्यानं भाताला चोच लावली नाही. पुरी बाजूला केली, जिलबी उचलली आणि उडाला. एवढ्या लांबून ते कुणाला दिसलं नाही, मला दिसलं.

आईला हे सांगितलं की मी सुटले. पण मग तिला हेही कळेल, की तुमचा जीव माझ्या शिक्षणात नव्हताच, त्या एका तुकड्यात होता. आणि तिचं राहू द्या, ते मलाच ऐकवत नाही. इतकी वर्षं, इतके पैसे गेल्यावर तरी नाही. आज सकाळी भावाला नको म्हणाले. उद्या सोमवार आहे, नऊला दवाखान्यात पोचायला पहिली बस धरावी लागेल.