आज टेम्पो काढू नकोस

तेजल,
आज टेम्पो काढू नकोस. परवा मी प्लग बदलल्यापासून इंजिन मिसिंग मारतंय, मध्येच धक्के खातंय. काल खरवईच्या चढावर ते बंद पडलं आणि गाडी मागे घसरली. मागे शाळेची रिक्षा होती. हातभर अंतरावर थांबलो.

चूक माझीच. प्लगच्या चारही वायरी एकदम काढल्या, लावताना अदलाबदल झाली असणार. तुझी आई टॉर्च धरून उभी असायची, “एक लावा, मगच दुसरी काढा” म्हणायची. ती गेल्यावर पहिल्यांदाच प्लगला हात लावला.

कॅम्प दोनच्या गॅरेजमधून मिस्त्रीला घेऊन येतो. माल दुसऱ्या गाडीने पाठव. तुझ्या पर्समधली टेम्पोची चावी नेतोय. मागितली असती तर दिली नसतीस.

बाबा