तो शब्द वगळून

मोबील, अलाबामा
९ सप्टेंबर १९९६

चि. रॉडरिक यास अनेक आशीर्वाद.

वि. वि. फोनवर तू गोड बोलून गुंडाळतोस, म्हणून लिहून विचारते. आजच्या पेपरात तू, म्हणजे कॉलेजच्या फुटबॉल संघाचा कोच आणि ट्रेमेनचा सख्खा मामा, म्हणालायस की ट्रेमेन ‘जबरदस्त अ‍ॅथलीट’ आहे. बाकीच्यांनी ते कौतुक म्हणून वाचलं. माझी कॉफी तशीच गार झाली. हा शब्द आपल्या काळ्या पोरांच्या वाट्याला कधी येतो, ते मला शिकवू नकोस. डॅडी कॉलेजात क्वार्टरबॅक होते. चेंडू तेच फेकायचे, संघ त्यांच्या इशाऱ्यावर हलायचा. व्यावसायिक संघात गेले तर पहिल्याच दिवशी ‘काय अ‍ॅथलीट आहे’ म्हणून पाठ थोपटली आणि बचावात नेऊन उभं केलं. पुन्हा चेंडू फेकू दिला नाही.

खरं सांग, माझ्या पोराला क्वार्टरबॅकच्या जागेवरून हलवतोयस ना? त्या नव्या गोऱ्या कोलसाठी, ज्याचा बाप कॉलेजला जिम बांधून देतोय? काहीतरी शिजतंय, वास येतोय मला.

ट्रेमेनला जप. माझ्या रागाचं मग बघू.
तुझी ताई, वर्नेटा


१३ सप्टेंबर

ती. ताईस सा. न.

पत्र पोचलं आणि झोंबलं. कोलच्या बापाचा काही संबंध नाही, डॅडींची शपथ. पण हो, ट्रेमेनला चेंडू झेलणाऱ्यांत न्यायचं म्हणतोय. त्याचे पाय बघ, तो वेग, ती उडी. अशी देणगी मागे उभं राहून वाया जाते. कोल हळू आहे, पण डोक्याने शांत, मैदान वाचतो. ट्रेमेनला अजून बोललो नाही. माझ्यावर कसला संशय घेतेस गं, मी काय परका आहे?

राग निवळला की दोन ओळी लिही.
तुझा रॉडी


१७ सप्टेंबर

चि. रॉडी, आशीर्वाद आहेतच, पण आज जरा हात राखून.

परका असतास तर बरं झालं असतं; परक्यांना मी ओळखून आहे. माझ्या पोराचे पाय आणि कोलचं डोकं, ही वाटणी कोणी केली? गेल्या शनिवारी ऐन वेळी समोरच्यांची चाल ओळखून, डाव बदलून सामना जिंकला ट्रेमेनने. तेही पायांनीच का?

तू विकला गेला नाहीस, हे मानते. त्यामुळे माझी धास्ती उलट वाढलीच. विकला गेला असतास तर आपण काय करतोय हे निदान तुझं तुला कळलं असतं.

एक कर. त्याला सांगण्याआधी मला कारण लिही, तो शब्द वगळून. पाय, वेग, देणगी हेही वगळ. पटलं तर मी स्वतः पोराची समजूत घालीन.

उत्तराची वाट बघणारी,
वर्नेटाताई


२४ सप्टेंबर

ती. ताईस सा. न.

लिहायला बसलो, कागद फाडले. मग सामन्यांच्या टेप पुन्हा लावल्या, या वेळी त्याच्या पायांकडे न बघता. चेंडू हातात यायच्या आधीच तो समोरच्यांना जोखतो आणि आपल्या गड्यांना सरकवून घेतो. दर शनिवारी मी हे मैदानाच्या कडेला उभा राहून बघत होतो आणि त्याला चपळाई म्हणत होतो.

तू सांगितलेले शब्द वगळल्यावर लिहायला कारणच उरलं नाही, ताई. या शनिवारी चेंडू ट्रेमेनच फेकेल, आणि पुढेही.

डॅडींना बाजूला करणारा माणूस दुष्ट असणार, असं मी आजवर धरून चाललो होतो. आता वाटतं, तोही मनापासून कौतुकच करत असेल.

लोभ असो नसो, संशय मात्र माझ्यावर असाच राहू दे.
तुझा रॉडी