नाक शाबूत

नेहासे महिना, तारीख २४

उठल्याउठल्या मिरचीपुडीचा डबा उघडून हुंगला. शिंक आली. नाक शाबूत! ताप नाही. घसा कालपेक्षा जास्त खवखवतोय — की मलाच वाटतंय? आरशासमोर तीनदा बॅटरी मारून पाहिलं. कोरोना व्हायच्या आधीच मी आजारी पडलेय.

कोरोना वॉर्डात ड्यूटी लागल्यापासून चार महिने परसातल्या खोलीत राहतेय. आई पुढच्या घरात. अडुसष्ट वर्षांची, त्यात साखर. माझ्यामुळे तिला काही झालं तर — नको, लिहायलासुद्धा नको.

नेहासे २६

एक्स-रेवाला वोर्कू म्हणे दर सोमवारी स्वतःच्याच छातीचा फोटो काढतो! हेड नर्स आस्तेरनी त्याला फैलावर घेतलं. "अरे बाबा, रोगातून वाचशील, पण या किरणांनी जाशील!" सगळे हसलो. मग एकेकाने हळूच त्याला गाठून विचारलं, माझाही काढशील का? मीही विचारलं.

नेहासे २८

आईवर ओरडले. ड्यूटीचा कोट पिशवीत बांधून पायरीवर ठेवला होता. दुपारी माझा डोळा लागला तेवढ्यात तिने तो काढून धुतला. नुसत्या हातांनी!

"बघतेय ना, किती दमतेस ते. एक कोट धुतला तर काय आभाळ कोसळलं?"

मी तोंडाला येईल ते बोलले. कॉफीच्या वेळी मात्र ती नेहमीसारखी दाणे भाजून, तवा घेऊन खिडकीशी आली. हाताने धूर माझ्याकडे ढकलला. "आला का वास?"

आला. रडूच फुटलं.

नेहासे ३०

दमले.

पागुमे १

बारा महिने सरून वर्षाच्या शेपटाला उरलेले हे पाच दिवस. तेही सरळ जातील तर शपथ.

आस्तेर नऊ नंबरच्या खाटेवर. परवा डबा उघडून म्हणाल्या होत्या, "आज कालवणाला वासच नाही गं. लेक मसाला घालायला विसरली वाटतं." मसाला होता! मला दोन खुर्च्या पलीकडे येत होता. मला तेव्हाच कळलं, तरी खाली मान घालून जेवत राहिले. आज त्यांना ऑक्सिजन लावताना श्वास रोखून तोंड फिरवलं — स्वतःच्या भीतीने. लाज वाटते.

पागुमे ३

आमच्या सगळ्यांच्या नाकात काडी घालून झाली. वोर्कू म्हणाला, "लागण झाली तर सणाचं जेवण खाटेवर आयतं मिळेल." कोणी हसलं नाही.

पागुमे ५

रिपोर्ट आला. नाही! मला नाही! दोनदा वाचून घेतला. आस्तेरही आज उठून बसल्या.

आई खिडकीतून म्हणाली, "आता तरी उद्या घरात ये. हवं तर दाराशी बस. पण वर्षाच्या पहिल्या दिवशी परक्यासारखी खिडकीत उभी राहू नकोस."

जाणार.

मेस्केरेम १

नवं वर्ष. रिवाजाप्रमाणे घरभर ओलं गवत अंथरलेलं, कोनाड्यात पिवळी फुलं. चार महिन्यांनी उंबरठ्याच्या आत बसले, मास्क लावूनच. आई शेगडीशी. कॉफी भाजण्यात तिचा हात धरणारं गल्लीत कोणी नाही, डोळे अधू झाले तरी वासाच्या अंदाजावर भाजते, इतक्या वर्षांत दाणा करपू दिला नाही.

करपट वास मास्कमधूनही आला. "आई, जळतंय!"

ती शांतपणे तवा हलवत होती. दाण्यांचा कोळसा झाला होता.

"छे गं. अजून वास कुठे सुटलाय?"