रंगवलेल्या तोफांचं जहाज

टार कोव्ह, नोव्हा स्कॉशिया
२ नोव्हेंबर १८१७

चिरंजीव जेडी यास मेहिटेबल आजीचा आशीर्वाद, आणि एक हलकी चापटही, कारण मागच्या पत्रात तू मोडक्या पायाचं काहीच धड कळवलं नाहीस. हाड जुळलं का? इथे सगळं ठीक. गाय आटली, बटाटे बरे आले, माझे दात होते तेवढेच आहेत, म्हणजे एक.

पत्र पाद्रीणबाई लिहिताहेत. मी बोलते त्यातलं अर्धं गाळायची त्यांना खोड आहे. "हे लिहू?" असं आत्ताच विचारलं. म्हटलं, लिहा बाई, तेसुद्धा लिहा.

तुला आणायला तुझा बाप उद्या 'प्रूडन्स' घेऊन निघतोय. या दिवसांत इथून तुझ्याकडे, दक्षिणेच्या उष्ण बेटावरच्या ब्रिजटाउनकडे जाणारं दुसरं गलबत नाही, म्हणून हे पत्र डांबराने बंद करून त्याच्याच हाती देतेय. त्याला वाटतंय, आत गाईची खबर आहे.

प्रूडन्सची कहाणी तुला पाठ आहे, तरी म्हातारीचं ऐक. ती मुळात स्पॅनिश, कोको वाहणारी. आपल्या आरमाराने पकडली, हॅलिफॅक्सला लिलावात निघाली. गावाने मिळून घेतली आणि नाव ठेवलं प्रूडन्स, म्हणजे शहाणपण. मग शत्रूची जहाजं लुटायचा राजाचा परवाना आणला आणि तोफांसाठी तिच्या दोन्ही कुशींत भोकं पाडली. कापणारा तुझा आजोबा. रात्री जेवताना म्हणायचा, "मेहिटेबल, मालवाहू बाईच्या बरगड्या कापतोय गं मी." पण लुटीचे दिवस, सुताराचं कोण ऐकतो! आपल्या देवळातली घंटासुद्धा लुटीचीच. (हे पाद्रीणबाईंनी नाक मुरडून लिहिलं आहे.)

लढाई संपली, तोफा गेल्या. भोकांवर पाइनच्या फळ्या ठोकल्या, पण आतल्या कापलेल्या लाकडी बरगड्या कोणी सांधल्या नाहीत. वर काळे चौकोन रंगवले, चाच्यांना लांबून तोफा दिसाव्यात म्हणून. दर वसंतात तुझा बाप नवा रंग देतो. चाचे फसतात. पाणी मात्र जवळ येऊन बघतं.

गुरुवारी मी विणकाम घेऊन धक्क्यावर गेले होते. तुझे हिवाळी मोजे चालले होते. एका काळ्या चौकोनात सुई टोचून पाहिली. लोण्यात जावी तशी मुठीपर्यंत गेली.

तुझा बाप वरून ओरडला, "आई, गलबताला भोसकतेस काय?"

"भोसकतेय कुठे? मऊ लागलं, म्हटलं विणून देते."

तो खाली आला. सुई ओढून काढली, बाहीला पुसली, माझ्या हातात दिली. हसला नाही. मग हळूच म्हणाला, "पोराला आणायला दुसरं काय आहे माझ्याकडे, सांग."

"तुला कधीपासून ठाऊक आहे झेब?"

"बाबांनी मरताना सांगितलं होतं. घरी चल, गारठशील."

म्हणजे त्याला ठाऊक आहे जेडी, आणि तरी तो निघालाय. कप्तान आहे, गावाचा वाटा आहे, वर तू आहेस. मी पुष्कळ भांडले. दगडाला तरी पाझर फुटतो.

आता नीट वाच. जाताना तिच्यात सुकी मासळी असते, ती हलकी तरंगते. तिथपर्यंत कदाचित पोचेल. पोचली नाही तर हे पत्रही पोचणार नाही, आणि मी उगीच बडबडले. पण येताना ती मिठाने भरते, खोल बसते, आणि लाटा त्या चौकोनांवर आदळतात.

तू तिच्यात चढू नकोस.

पाय दुखतो म्हण. ज्या धोबिणीच्या घरी पडून आहेस तिच्या मुलीवर जीव जडला म्हण. खोटं असलं तरी मला आवडेल. बाप रागावेल, एकटा परत निघेल. त्याला अडवायला जाऊ नकोस, त्याच्या मायलाही जमलं नाही. फक्त निघताना त्याच्या कोटाची गुंडी लावून दे. तो नेहमी विसरतो.

पाद्रीणबाई म्हणतात, देवावर भरवसा ठेवा. ठेवलाय हो, पण फळ्या माणसांनी ठोकल्यात.

मोजे एक पुरा, दुसरा टाचेपर्यंत झाला होता. काल दोन्ही उसवले. तिकडे ऊन असतं, तुला लागायचे नाहीत.

पुन्हा दृष्टीस न पडण्याचं तुझ्याकडून वचन मागणारी
तुझी आजी
तिच्या हातची खूण: ×