आक्का, आमची माणसं परत पाठव

ती. सौ. चंपाआक्कास, धाकट्या भुजबलीचा जयजिनेंद्र.

दाजींचा खोकला, पोरांचा अभ्यास, तुझे गुडघे, सगळं ठीक असो. (रीत म्हणून लिहितोय. खरं म्हणजे मी तुझ्यावर इतका भडकलोय की शाईची दौत दोनदा सांडली.) आक्का, तू आमची म्युनिसिपालिटी मोडायला निघालीस काय? इथला जो माणूस उठतो तो निपाणीला तुमच्या तंबाखूच्या वखारीत जाऊन बसतो. आधी रस्त्यावरचे दिवे लावणारा शामू गेला. त्याच्या जागी रवळूला घेतलं. त्याचंही मन लागेना, तेव्हा आमचे अध्यक्षसाहेब बेळगावला कुठल्याशा गोऱ्या साहेबाचं भाषण ऐकून आले. नोकर टिकवायचा तर त्याचं मन जिंका, असं साहेब बोलला म्हणे. झालं, रवळूचा सत्कार ठरला. मंडप घातला, हार आणला, सनईवाला बोलावला (तो शेवटपर्यंत जुळवणीच करत होता), आणि अध्यक्षांनी घसा साफ करून सुरुवात केली, "आमच्या या शामूनं गाव उजळलं..."

"सायेब, शामू गेला वखारीला. मी रवळू."

"तेच ते. पण तू जाऊ नकोस हं, शामू!"

रवळूनं गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला आणि सकाळच्या मोटारीनं निपाणी गाठली.

त्याला परत आणायला मी मागल्या आठवड्यात तुमच्याकडं आलतो. तू बस्तीत जिनदर्शनाला गेली होतीस म्हणून वाचलीस. रवळू वखारीच्या अंगणात तंबाखूची बोदं, ती माणसाएवढी पोती, रचत होता. मी म्हटलं, "चल रं, सरकारी नोकरी आहे, असा शिंकत कशाला बसतोस?"

"न्हाय येत. हितं आक्का रोज इचारत्यात, आईचं डोळं कसं हायत म्हणून. तिकडं कुणी इचारलतं काय?"

आता सांग, दिवाबत्ती खात्याच्या नियमांत आईच्या डोळ्यांचं कलम कुठं आहे? संतापानं मी जेवायलाही थांबलो नाही. (दाजींनी आग्रह केला, म्हणून नुसती थालीपीठं खाल्ली.) परत येऊन अध्यक्षांना घडलं ते सांगितलं, हीच चूक झाली. त्यांनी टेबलावर मूठ आपटली, "सापडलं!" आणि हुकूम काढला की, हेडक्लार्कनं, म्हणजे मी, रोज सकाळी प्रत्येक नोकराला आईच्या डोळ्यांबद्दल विचारावं. मी म्हटलं, साहेब, प्रत्येकाचं दुखणं वेगळं असेल. तर म्हणाले, नियम सर्वांना एकच पाहिजे.

पहिलाच समोर आला जकातनाक्यावरचा जोतिबा. त्याची आई गेल्या मार्गशीर्षात वारली. मी हुकमाप्रमाणे विचारलं. त्याचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. "मयताला तुमी आला न्हाईसा, आनि आता डोळं इचारतासा?" नाक्याची किल्ली माझ्या पुढ्यात आपटून तो गेला. कुठं गेला ते तुला माहीतच आहे. तूच त्याला आल्या आल्या भाकरी वाढलीस म्हणे!

आता दिवसभर नाक्यावर मी, संध्याकाळी शिडी खांद्यावर घेऊन दिव्यांकडं मी. परवा शिडी घसरली आणि रॉकेलचा डबा थेट कन्नड शाळेच्या मास्तरांच्या नव्या फेट्यावर. त्यांनी तक्रारअर्ज दिला. तो मीच घेतला, चौकशी मीच केली आणि सक्त ताकीद मलाच दिली. हे ऐकून तू हसशील. पण रॉकेल सांडल्यानं त्या रात्री दिवे लागलेच नाहीत, आणि त्या अंधारात बाळंतपण करायला निघालेली सुईण बाळाबाई गटारात पडली. तिचा पाय मुरगळला, तिला उचलून बाळंतिणीच्या घरी न्यावं लागलं. पोर सुखरूप झालं, म्हणून आज मी हे नुसतं रागानं लिहू शकतोय. उद्या कुणाचं बरंवाईट झालं तर त्याचा जाब अध्यक्ष देणार नाहीत, मलाच विचारणार. जोतिबाला विचारायला तुला वेळ आहे, रवळूला विचारायला आहे, आणि सख्खा भाऊ नाक्यावर उन्हात करपतोय त्याला चार ओळींचं कार्ड नाही. माणसं परत पाठव. निदान इथून पुढं येणाऱ्यांना तरी हाकलून दे.

(अजून तरी) तुझाच भाऊ,
भुजबली

ता.क. येणाऱ्यांना हाकलून दे असं वर लिहिलंय, त्यात एक अपवाद कर. वखारीत लिहिणारा माणूस लागतो काय, एवढं दाजींना विचार. कुणासाठी ते सांगू नको.

आणखी एक. विचारलं नसलंस तर लवकर विचार. तुझ्या भावजयीनं, ब्राह्मीनं, भांडी बांधायला घेतली आहेत.

शेवटचं. आज राजीनामा अध्यक्षांपुढं ठेवला. त्यांनी तो न वाचताच, सगळ्या अर्जांवर मारतात तोच शेरा मारला, 'पुढील वर्षी विचार करू.' तेव्हा माझं काय करायचं ते तू आणि दाजी ठरवा. भांडी मात्र शुक्रवारच्या गाडीनं पुढं पाठवतोय, उतरवून घे.