वाऱ्याची चूक

२० एप्रिल २०१२, मोरजी, गोवा
पोचले. बसने अंग मोडलं, तरी ताठ उतरले. सून राजश्रीचं म्हणणं, आई, तुमच्यानं आता जिना होत नाही, खाली राहायला या. गुडघ्यांची काळजी म्हणे! माझ्या खोलीत कोचिंगची आठ पोरं ठेवायची आहेत, ती काळजी. मुलगा राघवेंद्र तिच्या मागे उभा राहून मान हलवतो. भूकंपानंतर अख्खं लातूर रस्त्यावर झोपत होतं, मी एकटी वर त्या खोलीत. (चौथ्या आठवड्यापासून.) सांगून आले आहे: दहा दिवसांत समुद्रावर पतंगाला धरून उभी राहते, फोटो पाठवते. मग जिन्याचं नाव काढायचं नाही. राजश्री हो म्हणाली. फार पटकन म्हणाली.

२१ एप्रिल
काइटसर्फिंग म्हणजे पायाला फळी, कमरेला पट्टा, पट्ट्याला खाटेपेक्षा मोठा पतंग. वारं ओढतं, आपण फक्त उभं राहायचं. सिकंदराबादच्या कॉन्व्हेंटात मला डोक्यावर डिक्शनरी ठेवून चालवलं आहे. बॅलन्स कुणी शिकवू नये. शिकवणारा रशियन. उघडाबंब. इंग्रजी इतकं वाईट की पहिला तास मीच घेतला.

२३ एप्रिल
अजून वाळूवरच. छोटा पतंग देतात. बालवाडी! गेस्ट हाउसचा मॅनेजर रेवणसिद्ध माझा अहमदपूरचा विद्यार्थी. इंग्रजीत दोनदा नापास, इथे दुभाषा. म्हणतो, बाई, तुम्ही दांडी वढूनच राहिल्या, मास्तर सोडा म्हणून राहिलाय. पतंगाच्या दोऱ्यांची हातातली दांडी ओढली की पतंग जोर करतो, सोडली की शांत. म्हटलं, मी काही सोडत नसते. दोन मिनिटांनी कोळणीच्या सुकटीवर बसले. मुद्दाम.

२६ एप्रिल
पाण्यात. तासभर तोंडावर ओढली गेले. याला बॉडी ड्रॅग म्हणतात, अभ्यासक्रमात आहे. किनाऱ्यावरचे दात काढत होते, ते अभ्यासक्रमात नाही. मोबाइल खिशात होता. आता नाही. वारं चुकीच्या बाजूने येत होतं.

२८ एप्रिल
उभी राहिले! रेवणसिद्ध म्हणतो, अर्ध्या. फोटो निघायच्या आत फळी गुडघ्यावर आली. त्याचा फोन स्लो आहे. गुडघा किंचित मोठा दिसतो.

३० एप्रिल
शेवटचा दिवस आणि वारं ठप्प. झावळीसुद्धा हलेना. रेवणसिद्धला म्हटलं, घरी कळव, फोटो नाही, दोष माझा नाही. त्याने लगेच राजश्रीला फोन लावला. वहिनी, वारं गेलं. बाईंना उभं राहता येईना. तोंड चालू हाय. उद्या गाडीत घालून देतो, तुम्ही येऊ नका.
राजश्री रडत होती म्हणे. स्वतःचाच पराभव दिसला असणार.

२ मे, लातूर
स्टँडवर राघवेंद्र व्हीलचेअर घेऊन उभा. मी चालतच उतरले. थोडी लंगडत. दारात शेजारीण चंद्रप्रभा. कोणती बाजू गेली हो, म्हणाली. तेव्हा प्रकाश पडला. आमच्याकडे वारं जाणं म्हणजे अर्धांगवायू! रेवणसिद्ध तिसऱ्यांदा नापास. मी ओरडून सांगितलं, माझं नाही, समुद्राचं वारं गेलं! चंद्रप्रभा हळूच राजश्रीला म्हणाली, डोक्यावरही परिणाम झालाय गं.
वर पाहिलं. माझ्या खिडकीत आठ टॉवेल.

३ मे, सकाळ
कामाला येणारी केवळाबाई पिशवीत कबुतर घेऊन आली. याचं रगत चोळलं की वारं उतरतं, बाई. कबुतर जप्त केलं. संध्याकाळी सगळ्यांदेखत जिना चढून गच्चीवरून सोडणार. सोळा पायऱ्या. राजश्री म्हणाली, चढलात तर आजच पोरं हलवते, आई. डोळ्यांत पाणी. नाटकी.

३ मे, संध्याकाळ
चौथ्या पायरीवर बसले. मुद्दाम. कबुतर मी सोडलं नाही, तेच निसटलं आणि सरळ वर गेलं. आठ पोरांनी टाळ्या वाजवल्या.
जिन्यात वारं नव्हतं.